कलामाझू: फी माफ, पण पत्ता बघून

मिशिगनमधलं कलामाझू हे जेमतेम पाऊण लाख वस्तीचं शहर, अपजॉन या औषध कंपनीच्या जिवावर वाढलेलं. ती कंपनी फार्माशियात विलीन झाली, 2003 मध्ये फार्माशिया फायझरने घेतली आणि इथल्या नोकऱ्या आटू लागल्या. अशा वेळी शहरं कारखानदारांना स्वस्त जमीन आणि करमाफी देऊ करतात. इथे 10 नोव्हेंबर 2005 रोजी शाळा मंडळाच्या बैठकीत भलतीच घोषणा झाली. इथल्या सरकारी शाळांतून बारावी झालेल्या मुलांची मिशिगनच्या सरकारी कॉलेजांतली फी भरली जाणार. देणगीदारांनी नावं गुप्त ठेवली. योजनेचं नाव कलामाझू प्रॉमिस.

शाळेतल्या टक्क्यांची अट नाही, उत्पन्नाचा दाखलाही नको. बघतात तो पत्ता. बालवर्गापासून इथे शिकलेल्याची 100 टक्के फी भरतात. सहावीत आलेल्याला 80 टक्के, नववीत आलेल्याला 65 आणि दहावीत आलेल्याला काहीच नाही. घर भाड्याचं चालतं, पण ते शाळा-जिल्ह्याच्या, म्हणजे या शाळा मंडळाच्या कारभाराच्या, हद्दीत हवं आणि ही हद्द महापालिकेच्या हद्दीशी जुळत नाही. शेजारच्या पोर्टेजच्या शाळेत नाव घातलं की हक्क गेला.

सगळी गोम या उतरत्या टक्क्यांत आहे. मूल लहान असतानाच इथे यावं आणि बारावीपर्यंत हलू नये, यातच आईबापांचा फायदा. मिशिगनमध्ये राज्याचं अनुदान विद्यार्थ्यामागे मिळतं, त्यामुळे पट वाढला की शाळेची तिजोरीही भरते. वर्षानुवर्षं घसरणारा पट घोषणेनंतर वाढला, मतदारांनी कर्जरोखे मंजूर केले आणि नव्या शाळा उभ्या राहिल्या.

पुढे बऱ्याच शहरांनी ही कल्पना उचलली, आणि अनेकांचं गणित एकाच जागी चुकलं. समजा, कम्युनिटी कॉलेजची, म्हणजे दोन वर्षांच्या स्वस्त सरकारी कॉलेजची, फी 4,000 डॉलर आहे आणि गरीब घरच्या मुलीला केंद्राचं पेल अनुदान 7,000 मिळतं. नकलेतल्या योजनेत आधी पेल वळतं करतात, उरलेली फी शहर भरतं. या उदाहरणात उरतं शून्य, म्हणजे तिला शहराकडून छदामही नाही. पैसा जातो तो पेल न मिळणाऱ्या, बऱ्यापैकी कमावत्या घरांत. कलामाझूत आधी प्रॉमिसचे 4,000 भरले जातात आणि पेलचे 7,000 तिच्या हातात राहतात. घरभाडं, पुस्तकं, पेट्रोल त्यातून निघतं. कागदावर एका ओळीचा फरक, पण योजना कोणाच्या कामाची हे तिथेच ठरतं.

अपजॉन इन्स्टिट्यूट या कलामाझूतल्याच संशोधन संस्थेच्या अभ्यासकांच्या हिशेबाने, सहा वर्षांत पदवी किंवा एखादं प्रमाणपत्र पुरं करणाऱ्यांचं प्रमाण साधारण एक तृतीयांशाने वाढलं. तरी मधेच कॉलेज सोडणारे बरेच आहेत. फी भरली म्हणून कच्चं गणित पक्कं होत नाही, की रात्रपाळी सुटत नाही. म्हणून शाळांत समन्वयकही लागतात. दात दुखण्यापासून चष्म्यापर्यंत आणि शिकवणीपासून घरच्या अडचणींपर्यंत सगळं ते बघतात. शिवाय मर्यादा 130 क्रेडिटची (क्रेडिट म्हणजे कॉलेजातला अभ्यास मोजायचं एकक) आणि बारावीनंतर 10 वर्षांची. नापास झालेला विषय पुन्हा घेतला की तेवढी क्रेडिट त्याच 130 मधून जातात.