कार्ड माझ्या फोनवर चालायचं, समोरच्याच्या फोनवर नाही

एनएफसीवालं बिझनेस कार्ड (आत छोटी चिप असते, फोनला टेकवलं की त्यातली माहिती फोनमध्ये येते) आलं त्या रात्री स्वतःच्या फोनवर दहा वेळा टॅप करून बघितलं, दहाही वेळा नाव, नंबर, ईमेल भरलेला नवीन कॉन्टॅक्ट समोर आला आणि मी एकदम खूश. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये समोरच्या बाईंच्या फोनला कार्ड लावलं तर काहीच नाही. परत लावलं, उलटं करून लावलं, फोनच्या पाठीवर इकडेतिकडे फिरवलं, त्या बिचाऱ्या फोन धरून उभ्या, शेवटी नंबर तोंडीच सांगितला. मला खरंच खूप वाईट वाटलं कारण आमची ती पहिलीच भेट होती.

माझा फोन अँड्रॉइड, त्यांचा आयफोन. खरं कारण यातच होतं पण ते कळायला मला आठवडा लागला, आधी मी भलतीकडेच शोधत बसले.

पहिला संशय आला कार्ड लावायच्या जागेवर, आणि तो अगदीच चुकीचा पण नव्हता. एनएफसी १३.५६ मेगाहर्ट्झवर चालतं आणि त्याचं अंतर जेमतेम ३-४ सेंटीमीटर, त्यामुळे कार्ड नुसतं फोनजवळ नेऊन भागत नाही, अँटेना जिथे असेल तिथेच टेकवावं लागतं. आयफोनमध्ये ती वरच्या कडेला असते, बऱ्याच अँड्रॉइडमध्ये पाठीवर मधोमध नाहीतर कॅमेऱ्याच्या आसपास. आणि टेकवलं की एक-दोन सेकंद तसंच धरायचं, घाईघाईत फिरवत राहिलं तर वाचलं जात नाही. मी मीटिंगमध्ये नेमकं तेच करत होते.

मग कव्हर. एका मैत्रिणीच्या कव्हरमध्ये मॅग्नेटवाल्या होल्डरसाठी पातळ लोखंडी पत्रा चिकटवलेला होता, तिच्या फोनवर कार्ड अजिबात लागेना, कव्हर काढल्याबरोबर लागलं. धातू मधे आला की एनएफसी संपलंच समजा. अजून एक, कार्ड पाकिटात बँकेच्या टॅपवाल्या कार्डाला चिकटून असताना पाकिटासकट टॅप करू नका, फोनला एकाच वेळी दोन चिप दिसतात आणि गोंधळ होतो.

पण हे सगळं सांभाळूनही भावाच्या आयफोनवर काही होईना. त्याचा फोन नवा, कव्हर काढलेलं, स्क्रीन चालू, लॉक उघडलेलं. मग त्याच्या फोनवर एनएफसी टॅग (म्हणजे कार्डातली चिप) वाचायचं एक ॲप टाकलं आणि त्यातून कार्ड लावलं तर पहिल्याच फटक्यात वाचलं गेलं! माझ्यासाठी सगळा उलगडा इथे झाला. म्हणजे चिप चांगली, अँटेना चांगली, फोन चांगला, मग राहिलं काय तर चिपवर लिहिलेला मजकूर. मी चिपवर अख्खा व्हीकार्ड लिहिला होता, म्हणजे कॉन्टॅक्टची फाइलच. अँड्रॉइड ती वाचून सरळ कॉन्टॅक्ट उघडतो. आयफोन मात्र ॲप न उघडता टॅग वाचतो तेव्हा (ही सोय २०१८ च्या एक्सएस आणि एक्सआरपासून पुढे आहे) तो वेब लिंक, फोन नंबर, ईमेल, मेसेज अशा लिंकच्या प्रकारातलंच घेतो. व्हीकार्ड दिसला तर गप्प बसतो, एररसुद्धा दाखवत नाही, म्हणून समोरच्याला वाटतं कार्डच बंद पडलंय.

उपाय पाच मिनिटांचा निघाला. आधीचा मजकूर पुसला, चिपवर फक्त माझ्या पेजची लिंक लिहिली आणि त्या पेजवर 'कॉन्टॅक्ट सेव्ह करा' असं बटण देऊन व्हीकार्डची फाइल तिथे ठेवली. आयफोनवर टॅप केलं की वरच्या बाजूला नोटिफिकेशन येतं, त्याला बोट लावलं की पेज उघडतं. हे नोटिफिकेशन लोकांच्या लक्षात येत नाही म्हणून मी आता आधीच सांगते की वर बघा. समोरच्याने कॅमेरा उघडा ठेवलेला असेल किंवा फोन एअरप्लेन मोडवर असेल तर तेही येत नाही, तेवढं बघून घ्यायचं.

यात मला सगळ्यात जास्त आनंद कशाचा झाला ते सांगते. माझ्या कार्डात एनटॅग २१३ चिप आहे, तिच्यात जागा फक्त १४४ बाइट. इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो, देवनागरीला ३, आणि काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते, तिलाही प्रत्येकी ३. त्यामुळे व्हीकार्डमध्ये मराठी नाव टाकलं की चिपवर लिहायचं ॲप म्हणायचं जागा पुरत नाही, आणि मी मन मारून नाव इंग्रजीत लिहिलं होतं. आता चिपवर लिंक एवढीच, त्यामुळे पेजवर माझं नाव, कामाची माहिती, सगळं मराठीत आहे आणि फोटोपण आहे.

लिंकला इंटरनेट लागतं ही अडचण आहेच. म्हणून कार्डाच्या मागच्या बाजूला क्यूआर कोड चिकटवला आणि त्यात लिंक न टाकता व्हीकार्डच भरला, तो कॅमेऱ्याने स्कॅन केला की रेंज नसली तरी कॉन्टॅक्ट सेव्ह होतो. आयफोन ७, ८ किंवा एक्स असेल तर टॅप करत बसतच नाही, त्यात टॅग वाचायला कंट्रोल सेंटरमधून रीडर उघडावा लागतो, त्यापेक्षा कार्ड उलटं करून दाखवलेलं बरं.

आणि एक कळकळीची विनंती, लिहायच्या ॲपमध्ये टॅग लॉक करायचा पर्याय असतो तो लगेच दाबू नका. एकदा कायमचा लॉक केला की परत उघडत नाही, चुकीचं लिहिलेलं असेल तर कार्ड वाया. उघडं ठेवलं तर कोणीही आपल्या फोनवरून त्यावर दुसरंच काही लिहू शकतो हेही खरं, म्हणून लॉक करायचंच, पण आधी दोन-तीन अँड्रॉइड आणि दोन-तीन आयफोनवर टॅप करून बघा. मी पहिल्या रात्रीच लॉक करणार होते, फोनची बॅटरी संपली म्हणून राहून गेलं.