होमपेज बंद, काम चालू

मी एका मदतकक्षाच्या तांत्रिक विभागात आहे. तिथली मंडळी दिवसभर फोन घेतात, तक्रार क्रमांक विचारतात आणि अंतर्गत साइटवर तो शोधतात. एका सकाळी त्या साइटचं होमपेज उघडेचना. पांढरा पडदा आणि गोल फिरणारं चक्र. फोन मात्र वाजतच होते.

सर्व्हर सांभाळणारे म्हणाले, दुपार होईल. तेवढ्यात कोपऱ्यातल्या ताईंनी हाक मारली, "सर, माझ्याकडे कालची टॅब उघडीच होती. रिफ्रेश केली तर तक्रार दिसतेय की!"

खरंच दिसत होती. होमपेज अडकलं होतं, पण लॉगिन चालू होतं आणि शोधाच्या निकालाचं पानही नीट येत होतं. पुढचं दार बंद, घर उघडं. त्या पानाचा पत्ता पाहिला, तर प्रश्नचिन्हानंतर ताईंनी काल टाकलेला क्रमांक जसाच्या तसा होता. मला एवढंच हवं होतं.

क्रोमच्या सेटिंग्जमध्ये सर्च इंजिनच्या विभागात 'साइट सर्च' आहे. तिथे नाव, शॉर्टकट आणि पत्ता अशी नोंद करता येते. पत्त्यातला क्रमांक काढून त्या जागी टक्क्याचं चिन्ह आणि त्याला चिकटून इंग्रजी लहान एस लिहायचा. आपण जे टाइप करू ते ब्राउझर तिथे बसवतो. शॉर्टकटला 'टीके' ही दोन इंग्रजी अक्षरं दिली. एकच अक्षर मुद्दाम टाळलं, कारण इतर काही शोधताना ते चुकून लागतं. ॲड्रेस बारमध्ये टीके, टॅबची कळ, क्रमांक, एंटर. तक्रार समोर!

मग एकेकाच्या टेबलाशी गेलो. फायरफॉक्सवाल्यांसाठी तोच पत्ता बुकमार्क करून कीवर्डच्या रकान्यात टीके लिहिलं. तिथे टॅबऐवजी स्पेस.

नावावरून शोधायचा पत्ता मात्र लगेच उलगडेना. कॉपी करून चिकटवला की टक्क्यांची लांबलचक माळ. देवनागरीचं साधं 'क' यूटीएफ-8 मध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरं साठवायच्या पद्धतीत, 3 बाइट घेतं; पत्त्यात प्रत्येक बाइटचा एक टक्का आणि दोन चिन्हं, म्हणून त्याची 9 चिन्हं होतात, काना-मात्रांचंही तसंच. यातून नाव वेगळं काढत बसण्यापेक्षा मी 99999 शोधलं. ते पत्त्यात चटकन सापडलं, त्याजागी टक्का-एस टाकला. पुढे मराठीत नाव टाइप केलं तरी रूपांतर ब्राउझरच करतो.

मोबाइल क्रमांकाच्या शोधाला हा उपाय चालला नाही. तो फॉर्म पोस्ट पद्धतीने जातो, म्हणजे क्रमांक पत्त्यात येतच नाही. आणि ते योग्यच आहे. पत्त्यात आलेली गोष्ट ब्राउझरच्या हिस्टरीत राहते, ती मागे बसणाऱ्यालाही दिसते. लोकांची नावंसुद्धा तशी पडून राहायला नकोत, असं मला ठामपणे वाटतं. साइट चालवणाऱ्यांना त्याच दिवशी लेखी कळवलं. तोवर नावाचा शॉर्टकट फक्त होमपेज येईपर्यंत ठेवायचा आणि शिफ्ट संपताना हिस्टरी पुसायची, असं ठरलं.

दुपारी होमपेज आलं. नावाचे शॉर्टकट मी काढून टाकले, टीके राहू दिलं. ताईंनी तोवर नियमावलीच्या शोधासाठी स्वतःच एक नोंद केली होती. मला बोलावून म्हणाल्या, "बघा बरं, टक्का-एस बरोबर जागी बसलाय ना?"

अगदी बरोबर जागी बसला होता.