लेस्ली ग्रीनची लाल स्टेशनं

लंडनच्या ट्यूबने, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेने, फिरलेल्या बहुतेकांनी आर्किटेक्ट लेस्ली ग्रीनचं काम पाहिलेलं असतं पण नाव विचारलं तर कोणालाच सांगता येत नाही, मला याचं खरंच वाईट वाटतं.

रसेल स्क्वेअर, कॉव्हेंट गार्डन, चॉक फार्म, ही सगळी काळपट लाल चकचकीत स्टेशनं त्याची. रसेल स्क्वेअरला मी बाहेरच्या भिंतीवर हात फिरवून पाहिला, बरणीसारखी गार आणि गुळगुळीत, आणि जवळून बघितलं तर लाल रंग सगळीकडे सारखा नाहिये, कडांना जरा उजळ आणि खाचेत जवळपास काळा. लीड्सच्या भट्टीत भाजलेला ग्लेझ्ड टेराकोटा, म्हणजे चकचकीत लेप दिलेली भाजकी माती, आहे तो, लंडनचा धूर आणि काजळी त्यावर बसली तरी पुसून निघायची.

१९०३ साली त्याला हे काम मिळालं तेव्हा तो २८ वर्षांचा होता. तीन नव्या लाईन्स आणि जवळपास ५० स्टेशनं, आणि १९०६ च्या मार्चपासून १९०७ च्या जूनपर्यंत तिन्ही लाईन्स सुरू पण झाल्या! एवढ्या घाईत त्याने एक साचा ठरवला, स्टीलचा सांगाडा, खाली तिकिटं आणि दुकानं, वरच्या मजल्यावर अर्धगोल मोठ्या खिडक्या आणि त्यांच्यामागे लिफ्टची मशिनरी. वर सपाट गच्ची, कारण पुढे कोणाला त्यावर ऑफिसं बांधायची असतील तर बांधता यावीत. आपल्या डोक्यावर दुसऱ्याची इमारत येणार हे धरूनच डिझाईन करायचं, मला हे फार आवडतं. चॉक फार्मवर मात्र आजही वर काही नाही.

पण साचा म्हणून सगळं एकसारखं केलं असंही नाही. खाली प्लॅटफॉर्मवर प्रत्येक स्टेशनच्या टाइल्सचे रंग आणि नक्षी वेगळी, म्हणजे रोजच्या माणसाला नाव न वाचताही आपलं स्टेशन कळावं. नाव तर टाइल्समधेच भाजलेलं, त्यामुळे आर्सेनल स्टेशनचं नाव १९३२ साली बदललं तरी प्लॅटफॉर्मच्या भिंतीवर जुनं 'गिलेस्पी रोड' अजून ठसठशीत दिसतं.

१९०८ च्या ऑगस्टमधे तो क्षयाने गेला. वय फक्त ३३.

त्याचा असिस्टंट स्टॅनली हीप्स याने पुढे तेच लाल काम चालू ठेवलं. ग्रीनचा जन्म झाला त्या लंडनच्या मेडा व्हेल भागात १९१५ साली स्टेशन उघडलं, ते हीप्सने बांधलं आणि टाइल्स त्याच, लाल. फक्त तोवर सरकते जिने आले होते, लिफ्टची मशिनरी नको म्हणून वरचा मजलाच नाही.