तळणाचं तेल डिझेल इंजिनात घालण्याआधी

इंदुरात तळणाच्या तेलाला तोटा नाही. सकाळच्या कचोरीच्या कढया, छप्पन दुकान आणि रात्रीचा सराफा हे खाऊबाजार, थंडीतला तळलेला गराडू कंद, शेव-नमकीनचे कारखाने. रोज काळं तेल निघतंच. ते डिझेल इंजिनात चालतं का? चालतं. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात ऑटो (Otto) नावाच्या कंपनीने एक डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. पण कढईतून आलेल्या तेलात पाणी असतं, मीठ असतं, बेसनाची भुकटी असते आणि तेल फुटून सुटलेली आम्लं असतात. पंप आणि नोझल खराब होतात ते बहुतेक वेळा तेल निवळण्याच्या पिंपाशी केलेल्या आळसामुळे. म्हणून आधी पिंप, मग इंजिन.

तेल घेताना दुकानदाराला दोन गोष्टी विचारा. पहिली, तेल कोणतं? माळव्यात सोयाबीन मुबलक, त्यामुळे डब्यात बहुधा तेच निघेल. जानेवारीच्या रात्री पारा ८-१० अंशांवर गेला तरी सोयाबीन थिजत नाही, ही त्याची जमेची बाजू. पण त्याचं आयोडीन मूल्य १२० ते १४० असतं. म्हणजे हवा आणि उष्णता लागली की ते व्हार्निशसारखं चिकट होत जातं. पामतेलाचं हेच मूल्य ५०-५५, चिकटपणाचा धोका कमी, पण थंडीत ते थिजू लागतं. जिलबीच्या कढईतलं वनस्पती तूप किंवा साजूक तूप मिसळलेलं असेल तर डबा सरळ परत करा. उन्हाळ्यात ते पातळ दिसतं आणि फसवतं. थंडीत त्यानेच फिल्टर बंद पडतो.

दुसरी गोष्ट, कढईत तेल किती दिवस होतं? १ जुलै २०१८ पासून तळणाच्या तेलात एकूण ध्रुवीय संयुगं (तेल तळून तळून बिघडताना तयार होणारे घटक) २५ टक्क्यांवर गेली की ते खाद्यपदार्थांसाठी वापरता येत नाही. रोज ५० लिटरपेक्षा जास्त तेल वापरणाऱ्यांना नोंद ठेवून वापरलेलं तेल अधिकृत संकलकालाच द्यावं लागतं, तेव्हा मोठ्या कारखान्याकडे परस्पर मागणी करू नका. लहान दुकानाचं, दोन-तीन दिवसांत बदललेलं, मधाच्या रंगाचं तेल सगळ्यात चांगलं. कॉफीसारखं काळं आणि नाकाला झोंबणारं तेल फुकट मिळालं तरी महागात पडतं.

१५ किलोच्या डब्यात सुमारे १६ लिटर तेल बसतं. ते कोमट असतानाच आधी स्टीलच्या जाळीतून, मग जाड सुती कापडातून गाळा. २०० लिटरच्या पिंपाला तळाशी एक तोटी आणि तळापासून साधारण १५ सेंटिमीटर वर दुसरी तोटी लावून घ्या. वरची तेल काढण्यासाठी, खालची पाणी आणि गाळ सोडण्यासाठी. तेल ६० अंशांपर्यंत तापवा, हीटर बंद करा आणि किमान एक दिवस हलवू नका. नंतर खालची तोटी उघडा. वेळ असेल तर न तापवता दोन आठवडे उन्हात ठेवलेलं पिंपही तेवढंच चांगलं काम करतं. घाईने थेट १०० अंशांवर उकळून पाणी उडवायला जाऊ नका. तळाशी साचलेलं पाणी एकदम वाफ होऊन उसळतं आणि उकळतं तेल अंगावर येतं.

पाणी गेलं की नाही ते तव्यावर कळतं. तवा चांगला तापवून त्यावर चमचाभर तेल सोडा. तडतडलं किंवा बारीक बुडबुडे आले तर पाणी आहे, परत पिंपात. शांत पसरलं तरच पुढे २५ आणि शेवटी ५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढा. हा क्रम उलटा केला तर ५ मायक्रॉनचा फिल्टर पहिल्याच डब्यात चोक होतो.

आता इंजिन. खरी अडचण दाटपणाची आहे. ४० अंशांवर डिझेलचा दाटपणा २ ते ४.५ सेंटिस्टोक, सोयाबीन तेलाचा ३० च्या वर. एवढं दाट तेल नोझलमधून धुक्यासारखं फुटत नाही, मोठ्या थेंबांनी पडतं. थेंब पूर्ण जळत नाहीत, नोझलच्या तोंडावर कोळसा धरतो, रिंगा अडकतात आणि न जळलेलं तेल रिंगांवरून खाली इंजिन ऑईलमध्ये उतरतं. तिथे त्याचा हळूहळू गोळा बनतो. इंजिन खरं संपतं ते इथे. तेल पातळ करण्याचे प्रामाणिक मार्ग दोनच: तापवणं, नाहीतर रासायनिक प्रक्रिया करून बायोडिझेल बनवणं. रॉकेल किंवा पेट्रोल मिसळून पातळ केल्याने त्याचं जळणं सुधारत नाही, आणि पेट्रोलने आग लागण्याचा धोका मात्र वाढतो.

कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून खूप दाबाने इंधन देणारी रचना) असलेल्या गाडीत कच्चं, म्हणजे बायोडिझेल न केलेलं तळणाचं तेल घालूच नका. तिथला दाब १६०० ते २००० बारपर्यंत जातो आणि इंजेक्टरमधल्या फटी अगदी थोड्या मायक्रॉनच्या असतात. बीएस-६ गाडीत धूर गाळणारा फिल्टर साफ करण्यासाठी उशिरा फवारलेलं इंधन भिंतीवरून ऑईलमध्ये झिरपतं. डिझेल तिथून उडून जातं, खाद्यतेल राहतं. शिवाय नोंदणीपुस्तकात लिहिलेलं इंधन परवानगीशिवाय बदलणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही. रस्त्यावरच्या गाडीत हा प्रयोग करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. कच्च्या तेलाची जागा शेतावर आहे: पाण्याचा पंप, पिठाची गिरणी, राजकोटची, लिस्टर या जुन्या इंग्रजी इंजिनाच्या धाटणीची, मिनिटाला ६५० फेऱ्यांची इंजिनं. मंद गती, पाण्याने थंड होणारं, एकसारख्या भाराखाली चालणारं इंजिन या कामाला योग्य. रिकामं, बिनभाराचं चालवणं सगळ्यात वाईट, कारण सिलिंडर गारच राहतो.

अशा इंजिनाला दोन टाक्या लागतात. लहान टाकीत डिझेल, मोठीत तेल, मध्ये तीन तोंडांचा व्हॉल्व्ह. इंजिनाचं गरम पाणी फिरवून तेल तापवायचं. त्यासाठी स्टेनलेस स्टीलची किंवा अॅल्युमिनियमची नळी वापरा. तांबं आणि पितळ तेलाला लवकर खराब करतात, जस्त चढवलेला पाईपही नको. तेलाची नळी आतून १२ मिलिमीटर ठेवा. ८ मिलिमीटरच्या नळीतून दाट तेल ओढताना पोकळी वाढते, सैल सांध्यातून हवा शिरते आणि इंजिन धापा टाकून बंद पडतं. मिस्त्री मग पंप उघडतो, दोष मात्र क्लॅम्पचा असतो. फिल्टरही गरम पाण्याच्या वाटेवरच बसवा.

सुरुवात नेहमी डिझेलवर. तेल फिल्टरपाशी ७० अंशांना पोचलं की व्हॉल्व्ह फिरवा. बंद करण्याआधी दोन-तीन मिनिटं पुन्हा डिझेल, म्हणजे पंपात आणि नोझलमध्ये गार तेल उरत नाही. ही एक पायरी विसरली की दुसऱ्या दिवशी इंजिन सुरू व्हायला त्रास देतं. पंप रोटरी प्रकारचा असेल तर त्याला वंगण इंधनाचंच मिळतं, गार दाट तेलाने त्याचा दांडा तुटू शकतो; लाइन पंप (ज्यात वंगण वेगळ्या ऑईलचं असतं) जास्त सहन करतो. इंजिन ऑईल नेहमीच्या निम्म्या तासांनी बदला. काडीवरचं ऑईल बोटांत तार धरू लागलं तर तेवढीही वाट पाहू नका.

बायोडिझेलचा मार्ग जास्त कष्टाचा, पण इंजिनासाठी जास्त सुरक्षित. त्यात पोटॅश आणि मिथेनॉल घालून तेलातून ग्लिसरीन वेगळं काढतात. आधी तेलात आम्ल किती ते मोजा, त्यावरून पोटॅश किती घालायचं ते ठरतं. १ लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात १ ग्रॅम कॉस्टिक पोटॅश विरघळवा. १० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये १ मिली तेल आणि फिनॉल्फ्थॅलिनचे (आम्ल संपलं की गुलाबी होणाऱ्या रसायनाचे) दोन-तीन थेंब घाला. वरून पोटॅशचं द्रावण थेंब थेंब सोडत जा. गुलाबी रंग पंधरा सेकंद टिकला की किती मिली लागलं ते लिहा. ३ मिली लागलं तर दर लिटर तेलाला ७ अधिक ३, म्हणजे १० ग्रॅम पोटॅश (९० टक्के शुद्धतेचं). १०० लिटरला १ किलो, आणि मिथेनॉल २० लिटर. लागलेल्या द्रावणाचा आकडा ७ मिलीच्या पुढे गेला तर त्या तेलाचा साबण जास्त आणि इंधन कमी होईल. ते संकलकाला देऊन टाका.

मिथेनॉल विषारी आहे, कातडीतूनही शरीरात जातं आणि त्याची ज्वाळा उन्हात दिसत नाही. ते विकत घेण्यासाठी आणि साठवण्यासाठी परवान्याचे नियम आहेत, ते आधी पूर्ण करा. काम उघड्यावर, हातमोजे आणि चष्मा घालून. गॅसची शेगडी जवळपासही नको. तेल विजेच्या हीटरने ५५ अंशांवर आणा आणि मिथेनॉल ओतण्याआधी हीटर बंद करा, कारण ते ६४.७ अंशांना उकळतं. पोटॅश मिथेनॉलमध्ये थोडं थोडं टाकून झाकणबंद भांड्यात विरघळवा. भांडं स्टेनलेस स्टीलचं किंवा जाड एचडीपीई प्लास्टिकचं. अॅल्युमिनियमचं अजिबात नाही, पोटॅश ते खातं आणि हायड्रोजन सुटतो. तेलात घातल्यावर तासभर ढवळा, रात्रभर ठेवा. काळं ग्लिसरीन खाली बसतं.

धुण्याआधी तपासा: २० अंशांच्या आसपास २७ मिली मिथेनॉलमध्ये ३ मिली बायोडिझेल हलवा. तळाशी थेंब राहिला तर तेल अजून कच्चं आहे. पास झालं तर तिसरा हिस्सा पाणी घालून धुवा. पहिलं धुणं अगदी हळू, नाहीतर साबणामुळे ताकासारखं फेसाळतं आणि दोन-दोन दिवस वेगळं होत नाही. पाणी निर्मळ येईपर्यंत तीन-चार वेळा धुवा. मग ५० अंशांवर फिरवत वाळवा, बरणीपलीकडची वर्तमानपत्राची अक्षरं स्वच्छ वाचता येईपर्यंत.

शेतावरच्या इंजिनातही सुरुवात २० टक्क्यांच्या मिश्रणाने करा. बायोडिझेल जुन्या टाकीतला मळ सोडवतं, त्यामुळे पहिल्या दोन-तीन टाक्यांत फिल्टर तुंबणारच. एक सुटा जवळ ठेवा. साध्या रबराच्या नळ्या फुगून मऊ पडतात, त्या व्हायटॉनच्या (इंधनाला टिकणाऱ्या कृत्रिम रबराच्या) घाला. सोयाबीनचं बायोडिझेल तीन महिन्यांत संपवा, ते टिकत नाही. खाली उरलेल्या ग्लिसरीनमध्ये मिथेनॉल आणि साबण असतो. ते नाल्यात सोडलं तर कान्ह नदीतच जाणार, तेव्हा झाकणबंद पिंपात साठवा आणि तेल घेणाऱ्या संकलकालाच तेही घेतोस का, हे पहिली खेप बनवण्याआधी विचारून ठेवा.