तुम्ही विचारलंत म्हणून: सिस्टर, रात्री डॉक्टर नसतात?

आईला किंवा वडिलांना आमच्याकडे ठेवायला आलेली मुलं खोली बघतात, बाथरूममधली पकडायची दांडी हलवून बघतात, आणि निघताना जिन्यापाशी हळूच विचारतात, "सिस्टर, डॉक्टर इथं राहत नाहीत ना? मग रात्री काही झालं तर?"

नाही राहत. आपल्याकडे नर्सिंग होम म्हटलं की खाली मेडिकल आणि वर दहा खाटा, असं डॉक्टरांचं स्वतःचं हॉस्पिटल डोळ्यांपुढे येतं. मी काम करते ते वृद्धांचं शुश्रूषागृह आहे. बत्तीस जण, बहुतेक ऐंशीच्या पुढचे. सर मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. बाकी वेळ आम्ही सिस्टर, मावश्या आणि फोन. म्हणजे रात्रीचं सगळं त्या फोनवर आहे, आणि तो कसा करायचा हे मी चूक करून शिकले.

एक आजी होत्या. चहा आला की चमच्याने साय काढून बशीच्या कडेला लावायच्या. साय ओठाला लागलेली त्यांना खपत नसे. एका बुधवारी त्या सायीसकट चहा पिऊन मोकळ्या झाल्या. मावशींनी येऊन मला सांगितलं. मी बघितलं तर ताप नाही, बीपी बरं, आजी नुसत्या गप्प. संध्याकाळी बाथरूमकडे जाताना त्यांचा तोल गेला. अकराच्या सुमाराला मी फोन लावला. "सॉरी सर, डिस्टर्ब केलं. आजींना जरा बरं वाटत नाहीये."

"ताप आहे?"

"नाही."

"मग सकाळी बघू."

"ओके सर," म्हणून मी फोन ठेवला आणि रजिस्टरमध्ये लिहिलं, 'सरांना कळवले'. हे दोन शब्द म्हणजे आम्हा नर्सेसची छत्री.

पहाटे आजी मला ओळखेनात. हॉस्पिटलमध्ये रक्त तपासलं, सोडियम, म्हणजे रक्तातलं मीठ, ११६ निघालं, फारच कमी. नऊ दिवसांपूर्वी बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी सुरू झाली होती. या वयात त्या गोळ्यांनी सोडियम उतरू शकतं हे मला माहीत होतं. गोळी तर मीच हातावर ठेवत होते. तरी फोनवर तिचं नाव काढलं नाही. आजार ओळखणं सरांचं काम, आपण फक्त कळवायचं, हे ट्रेनिंगपासून अंगात भिनलेलं.

लिओनार्ड स्टाइन नावाच्या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाने १९६७ साली या वागण्याला 'डॉक्टर-नर्स खेळ' असं नाव दिलं. नर्सने सुचवायचं, पण सुचवल्यासारखं दिसू द्यायचं नाही. डॉक्टरांनी ते घ्यायचं, पण आपल्यालाच सुचल्यासारखं दाखवायचं. वॉर्डात समोरासमोर हे कसंबसं निभतं. झोपेतून उठलेल्या माणसाशी फोनवर नाही निभत.

आजी बऱ्या होऊन परत आल्या, तेव्हा मी आणि सर बसून बोललो. आधी भांडलोच. "नवी गोळी चालू आहे हे तुम्ही बोलला नाहीत." "तुम्ही विचारलं नाहीत." गोळी त्यांनीच लिहिली होती, हे मी मनात म्हटलं. चहा झाल्यावर ते त्यांनीच म्हटलं.

आता फोनआधी कागदावर चार ओळी लिहायच्या. काय झालंय, आधीचं काय, मी काय तपासलं, मला काय वाटतं आणि काय हवं. याला एसबार म्हणतात, चार ओळींच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरं. अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांमधून ही पद्धत तिकडच्या हॉस्पिटलांत आली. पहिल्या तीन ओळी नव्या मुलींना आठवडाभरात जमतात. चौथीला घसा कोरडा पडतो. "सर, मला सोडियमची शंका येतेय, आत्ताच रक्त पाठवू का?" हे मी त्यांच्याकडून मोठ्याने म्हणवून घेते, गॅदरिंगच्या तालमीसारखं.

सायीचं डॉक्टरांना काय सांगणार? पण 'सकाळपासून नेहमीसारख्या नाहीत, संध्याकाळी तोल गेला' हे सांगता येतं. म्हातारपणी इन्फेक्शन ताप न येताही होतं, आणि भ्रम झालेलं माणूस बडबडेलच असं नाही, गप्पही पडतं. ते सगळ्यांत आधी मावशींना दिसतं. म्हणून ड्यूटी बदलताना आता मावश्याही उभ्या असतात.

सर पूर्वी ऑफिसात बसून फायली बघायचे; आता सिस्टरला बरोबर घेऊन खाटेखाटेशी जातात. तोंडी ऑर्डर आम्ही परत म्हणून दाखवल्याशिवाय ते फोन ठेवत नाहीत. इन्सुलिन 'फिफ्टीन' की 'फिफ्टी', हा घोळ जिवावर बेतणारा, म्हणून 'वन-फाइव्ह' असे आकडे सुटे करून बोलायचे. शिवाय रात्री नऊला ते स्वतःच फोन करतात, त्यामुळे बऱ्याच गोष्टी तेव्हाच मिटतात.

रात्रपाळीला बत्तीस जणांमागे नर्स मात्र अजून एकच आहे. जिन्यापाशी हे कुणी विचारत नाही. विचारा.

परवा दोन वाजता नव्या मुलीने फोन केला. आजोबा गप्प, जेवले नाहीत, चारही ओळी नीट सांगितल्या, शंका इन्फेक्शनची. सरांनी सगळं ऐकून विचारलं, "कवळी काढून बघितलीत?" नव्हती बघितली. काढली, तर हिरडीला फोड. ती बिचारी सॉरी सॉरी करायला लागली. सर म्हणाले, "उद्या थोडं मऊ खायला द्या," आणि झोपले.