तुम्ही विचारलंत म्हणून: अचूक डिकोडर मी का सोडला

“मिळालेल्या सिग्नलला खात्रीने सर्वांत जवळचा बिंदू शोधणारा स्फिअर डिकोडर तयार होता, मग तुम्ही मोजक्याच वाटा तपासणाऱ्या के-बेस्टवर का आलात?” विचारणारा बहुधा पीएचडीच्या दुसऱ्या वर्षात असतो. त्या वयात मीही हेच विचारलं असतं, तेही रागाने.

चार अँटेनांनी एकाच वेळी पाठवलेले सिग्नल हवेत मिसळतात, आणि काय पाठवलं होतं ते डिकोडरने ओळखायचं. चार अँटेना आणि ६४-क्वाम (प्रत्येक अँटेना ६४ चिन्हांपैकी एक पाठवतो) म्हणजे १,६७,७७,२१६ शक्यता. त्या झाडासारख्या मांडायच्या, दर पातळीला एक चिन्ह. श्नोर-ऑयश्नरच्या क्रमाने आधी जवळची फांदी धरायची, पहिलं पान, म्हणजे चारही चिन्हांचा पूर्ण अंदाज, हाती आलं की शोधाची त्रिज्या आवळायची. एवढ्यावर बहुतेक झाड न बघताच छाटलं जायचं, आणि उत्तरात तडजोड शून्य. माझा त्यावर जीव होता.

मग ती दुपार. एम्युलेटरवर (रेडिओ चॅनलची नक्कल करणाऱ्या यंत्रावर) आम्ही अँटेनांमधलं कोरिलेशन, म्हणजे त्यांच्या सिग्नलांतलं साम्य, वाढवत नेलं. २० मेगाहर्ट्झच्या एलटीईत (४जी) एक मिलिसेकंदाच्या सबफ्रेममध्ये १,२०० सबकॅरिअर (फ्रिक्वेन्सीचे पट्टे) आणि १४ सिम्बॉल (वेळेचे तुकडे), म्हणजे १६,८०० जागा. रेफरन्स सिग्नलच्या (चॅनल मोजण्यासाठी ठेवलेल्या) वगळल्या तरी उरलेल्या सगळ्या वेळेत सोडवाव्या लागतात, कारण एफडीडीत (पाठवणं आणि घेणं वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर) चार सबफ्रेमनंतर एसीके (नीट मिळालं) नाहीतर एनएके (नीट मिळालं नाही) जायलाच हवा. नॉइज वाढवलाच नव्हता. पण चॅनल मॅट्रिक्सचे (सिग्नल कसे मिसळतात ते सांगणाऱ्या तक्त्याचे) दोन स्तंभ जवळजवळ समांतर झाले आणि त्रिज्या आवळेना. थोडे व्हेक्टर (एकेका जागेवर मिळालेले सिग्नल) झाडातले हजारो नोड खात बसले, त्यांच्यामागे रांग तुंबली, सोपे व्हेक्टरही तसेच पडून राहिले. सोडवलेल्यांपैकी एकही बिंदू चुकला नव्हता, तरी अख्खी सबफ्रेम गेली. मी म्हणालो, “सर, सरासरी चांगली आहे.” सर म्हणाले, “एसीके सरासरीवर जात नाही रे.” दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही.

राग खरं तर स्वतःचाच होता. अपेक्षित (सरासरी) काम बऱ्याच एसएनआरला (सिग्नल आणि नॉइजच्या प्रमाणाला) बहुपदीसारखं राहतं, हे हसीबी आणि विकालो यांनी २००५ मध्ये दाखवलं. ठरावीक एसएनआरला मिती (एकत्र ओळखायच्या चिन्हांची संख्या) वाढवत नेली तर ते घातांकीच वाढतं, हे यालदेन आणि ओटरस्टेन यांनी त्याच वर्षी. मी दोन्ही वाचले होते. थीसिसमध्ये पहिल्याला दोन पानं दिली, दुसऱ्याला एक ओळ.

के-बेस्ट दर पातळीवर ठरावीक वाटाच ठेवतो, म्हणून काम किती ते आधीच माहीत असतं. याला कुणी पळवाट म्हटलं की मला लागतं. वेळेत न आलेलं उत्तर अचूक कसं म्हणायचं? (एलएलएल, म्हणजे स्तंभ आधी शक्य तितके काटकोनात आणून मग उत्तर राउंड करण्याची पद्धत, का नाही, हेही विचारतात. त्यालाही किती फेऱ्या लागतील ते आधी सांगता येत नाही, आणि नंतर राउंड केलेला बिंदू कधी क्वामच्या चौकटीबाहेर पडतो.)

पण के-बेस्ट योग्य वाट वरच्या पातळीवर एकदा सोडतो ती कायमची. एखाद्या बिटची उलटी किंमत उरलेल्या वाटांत सापडलीच नाही, तर एलएलआरला (बिट ० की १ याच्या खात्रीच्या आकड्याला) मी एक ठरावीक मर्यादा लावतो. ती तेवढीच का, याचं समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही.

जुना कोड अजून आहे. के-बेस्टने चुकवलेले व्हेक्टर मी रात्री त्याच्यावर चालवतो. कधी त्याचा सर्वांत जवळचा बिंदूही पाठवलेला नसतो. बऱ्याचदा असतो. मग मी नोडची संख्या बघतो, आणि वाटतं, स्तंभांचा क्रम आधी नीट लावला असता तर हा वेळेत बसला असता.