आमची वाटचाल: एका वेळी एकच बदल

आमचं वर्कशॉप लहान आहे. दोन लिफ्ट, एक अलाइनमेंट मशीन आणि मोजकी माणसं. कामही मोजकंच घेतो: लहान, चपळ हॅचबॅक गाड्यांचं सस्पेन्शन, ब्रेक आणि चाकांचे कोन. इंजिनाची ताकद वाढवायला आलेल्या ग्राहकालाही आम्ही आधी या तीन गोष्टींकडे नेतो. प्रत्येक गाडीची वेगळी फाइल असते आणि एका वेळी गाडीत एकच बदल होतो. नवीन ग्राहकांना हे जरा संथ वाटतं. ही पद्धत ज्या गाडीवर ठरली, ती मी धंद्यासाठी घेतलीच नव्हती. ती माझ्या हौसेची गाडी होती.

तेव्हा मी एका गॅरेजमध्ये नोकरीला होतो. ऑइल, क्लच प्लेट, रेडिएटर, सायलेन्सर अशी रोजची कामं. दुरुस्त झाली की गाडी निघून जायची. ती वळणात कशी बसते, खड्ड्यावरून गेल्यावर किती लवकर सावरते, हे बघायला कुणाकडे वेळ नसायचा. मला नेमकं तेच शिकायचं होतं, आणि ते ग्राहकाच्या गाडीवर शिकणं मला पटत नव्हतं.

गाडी निवडताना हॅचबॅकचा इतिहास डोक्यात होता. १९७५ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात फोक्सवॅगनने गोल्फ जीटीआय मांडली. तिची सुरुवात कंपनीतल्या मोजक्या अभियंत्यांनी वरिष्ठांच्या मंजुरीविना, नेहमीचं काम सांभाळून केली होती. आधी जेमतेम ५,००० गाड्या काढायचा बेत होता; पहिल्या पिढीतच साडेचार लाखांहून जास्त बनल्या. इंजिन १.६ लिटरचं, ताकद ११० पीएस (अश्वशक्तीचं मेट्रिक माप). आजच्या मानाने हा आकडा छोटा वाटेल, पण गाडीचं वजन ८०० किलोंच्या आसपास होतं. या गाडीचं सगळं मर्म त्या वजनात आहे. १९८४ ची प्यूजो २०५ जीटीआयही त्याच वाटेवरची. हलकी गाडी, फिरायला उत्सुक इंजिन आणि मागे सामानाला मोठं दार: रोजच्या कामालाही हीच आणि मोकळ्या रस्त्यालाही हीच.

मी घेतली ती सुझुकी स्विफ्ट स्पोर्ट, २००५ साली आलेल्या पिढीतली. १.६ लिटरचं एम१६ए इंजिन, टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा) नाही, १२५ पीएस, पाच गिअर, चारही चाकांना डिस्क ब्रेक. तिची पूर्ण ताकद ६,८०० आरपीएमला (मिनिटाला इतके फेरे) मिळते, म्हणजे इंजिन फिरवावं लागतं. ज्यांना टर्बोचा धक्का हवा असतो त्यांना ही गाडी फिकी वाटते. मला मात्र टर्बो नसणं हाच तिचा मोठा गुण वाटला, आणि आजही वाटतो. टर्बो गाडीत सॉफ्टवेअर बदललं की ताकद चटकन वाढते आणि सस्पेन्शनमधले दोष त्या पिकअपखाली झाकले जातात. टर्बो नसलेल्या इंजिनात तशी सोय नाही. वेग हवा असेल तर तो वळणात टिकवावा लागतो.

जुनी स्पोर्टी गाडी घेताना आम्ही काय बघतो, हे इथे सांगायलाच हवं, कारण बरेच लोक फक्त इंजिनाचा आवाज ऐकून सौदा करतात. इंजिन पूर्ण थंड असताना चालू करून बघायचं. मालकाने आधीच गरम करून ठेवलं असेल तर पुन्हा दुसऱ्या दिवशी जायचं. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून गाडी सावकाश गोल फिरवायची, कटकट आवाज आला तर सीव्ही जॉइंट (चाकाला ताकद पोचवणारा सांधा) गेलेला. टायरवर चार आकडी तारीख असते: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. चारही टायर एकाच वयाचे आणि एकाच मेकचे असतील तर मालकाने गाडीकडे लक्ष दिलंय असं समजावं. टायर आतल्या बाजूने जास्त झिजला असेल तर टो (वरून बघितल्यावर चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) किंवा कॅम्बर (समोरून बघितल्यावर चाक आत-बाहेर झुकलेलं असण्याचा कोन) बिघडलेला आहे, आणि तो का बिघडला हे शोधल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. बोनेटखाली फेंडरच्या बोल्टवर पान्ह्याच्या खुणा दिसल्या तर तो पत्रा कधीतरी उतरवलेला असतो. आधीच खूप मॉडिफाय केलेली गाडी मी सहसा घेऊ देत नाही. कुणी काय कापलं, कुठली वायर कुठे जोडली, हे शोधण्यात उत्साह संपतो. जशी कारखान्यातून आली तशी, पण वापरून थकलेली गाडी सगळ्यात चांगली.

माझी गाडी तशीच होती. म्हणून पहिलं काम मॉडिफिकेशनचं नव्हतंच. लोअर आर्मचे (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश, बॉल जॉइंट, इंजिन माउंटिंग, ब्रेक ऑइल, गिअर ऑइल असं सगळं कंपनीच्या मापाचं नवीन घातलं. मग अलाइनमेंटचं रीडिंग घेतलं आणि एका वहीत लिहिलं. थकलेल्या गाडीवर नवी स्प्रिंग बसवली की फरक स्प्रिंगने पडला की नव्या बुशने, हे कळत नाही. त्या वहीचीच पुढे आमची फाइल झाली.

त्यानंतर टायर. १९५/५०, १६ इंच, माप कंपनीचंच, फक्त चांगल्या पकडीचे. रुंद टायरचा मोह मी टाळला, कारण रुंद टायर म्हणजे जास्त वजन आणि स्टिअरिंगमध्ये मंदपणा. ब्रेकमध्ये कॅलिपर तेच ठेवले, पॅड बदलले आणि ताजं डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल भरलं. या ऑइलचा उकळबिंदू नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शोषल्यावर तो १५५ पर्यंत खाली आला तरी मानकात बसतो. घाटात उतरताना पेडल मऊ पडतं त्यामागे अनेकदा हे जुनं ऑइल असतं, आणि लोक मात्र मोठ्या डिस्क शोधत हिंडतात. मोठी डिस्क उष्णता जास्त पेलते, वारंवार जोरात ब्रेक लावणाऱ्याला ती उपयोगी आहे. पण एकदाच ब्रेक दाबून गाडी किती अंतरात थांबते, हे टायरची पकड ठरवते.

मग आलं सस्पेन्शन, आणि माझा सगळा जीव यातच आहे.

गाडी खाली घेणं ही सर्वांची पहिली मागणी असते. "सर, अजून दोन बोटं खाली घ्या ना, मस्त दिसेल," असं एखादा तरुण म्हणतो तेव्हा मी त्याला लिफ्टखाली नेतो आणि लोअर आर्म दाखवतो. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उभ्या खांबात) असलेल्या गाडीत तो आर्म साधारण आडवा असायला हवा, किंवा चाकाकडे किंचित उतरता. गाडी फार खाली घेतली की आर्म चाकाकडे वर चढतो. मग दोन गोष्टी होतात. एक, गाडी कलली की चाक हवं तसं आत झुकत नाही, उलट टायरच्या बाहेरच्या कडेवर भार येतो. दुसरी कमी लोकांना माहीत असते: ज्या काल्पनिक बिंदूभोवती गाडी कलते तो रोल सेंटर गाडीच्या उंचीपेक्षा जास्त वेगाने खाली जातो. वजनाचं केंद्र आणि तो बिंदू यांतलं अंतर वाढतं, आणि स्प्रिंग तीच असेल तर गाडी आधीपेक्षा जास्त कलते. दिसायला रेसची गाडी, वळणात आधीपेक्षा वाईट. शिवाय शॉकअपची चाल कमी उरते, गाडी बंपस्टॉपवर (चाल संपते तिथल्या रबरी ठोकळ्यावर) आपटते आणि खडबडीत रस्त्यावर टायर जमिनीवर टिकत नाही.

म्हणून माझ्या गाडीत थोडीच उंची कमी केली, आणि स्प्रिंगला जुळणारे शॉकअप घेतले. पुढे निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकलेला) दीड अंशाच्या आसपास, टो शून्य. हे केल्यावर तोच ठरलेला रस्ता, टायरमध्ये तीच हवा, आणि गाडी थांबल्याबरोबर टायरचं तापमान आत, मध्ये आणि बाहेर अशा तीन ठिकाणी मोजायचं. बाहेरची कड जास्त तापली तर कॅम्बर कमी पडतोय. मधला भाग तापला तर हवा जास्त आहे. यात मताला जागा नाही, आकडा बोलतो. ते समाधान झाल्यावरच मागे जास्त कडक अँटिरोल बार (गाडीचं कलणं रोखणारी, दोन्ही चाकांना जोडणारी दांडी) बसवला. पुढच्या चाकांनी चालणारी गाडी वळणात नाक बाहेर नेते. मागची बाजू थोडी कडक केली की ती वळणात आपणहून फिरते. हा बदल जपून करावा लागतो, कारण वळणात अचानक ॲक्सिलरेटर सोडला तर मागची बाजू हलकी होऊन सरकू शकते. चालवणारा नवखा असेल तर आम्ही हा बार बसवत नाही, त्याने आग्रह केला तरी.

धंदा सुरू झाला तो या गाडीत बसून गेलेल्या लोकांमुळे. एका ओळखीच्याने फेरी मारली आणि म्हणाला, मला असंच करून दे. त्याची गाडी वेगळी होती, वजन वेगळं, वापर वेगळा. त्यामुळे त्याच्यासाठी तेच सामान न घेता तीच पद्धत वापरली: आधी झिजलेलं बदललं, मोजलं, मग एकेक बदल. त्याच्याकडून पुढचा, त्याच्याकडून आणखी एक. नोकरी सोडून जागा भाड्याने घेतली. पहिली मोठी खरेदी जुन्या अलाइनमेंट मशीनची होती. लिफ्ट त्यानंतर आली. पुढे वायरिंग आणि ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा संगणक) यांतला जाणकार भागीदार मिळाला. त्याचं म्हणणं असं की सॉफ्टवेअरला हात लावण्याआधी इंजिनाची कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमध्ये दाब नीट तयार होतो का, याची तपासणी) झालीच पाहिजे. त्याचा हा नियमही फाइलमध्ये गेला.

काही कामं आम्ही करत नाही, आणि त्यामुळे ग्राहक परत गेले आहेत. स्प्रिंग कापून गाडी खाली घेत नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले घातक वायू कमी करणारा भाग) काढत नाही. फेंडरबाहेर निघणारे रिम बसवत नाही, कारण ऑफसेट (रिम किती आत किंवा बाहेर बसतं ते माप) फार बदलला की स्टिअरिंग प्रत्येक खड्ड्याला हाताला हिसका देतं आणि बेअरिंगवर भार वाढतो. गाडी जिथे नोंदलेली असेल तिथले नियम आणि विमा कंपनीला द्यायची माहिती, हे दोन्ही कामाआधी बोलून घेतो. काढलेला प्रत्येक मूळ भाग चिठ्ठी लावून मालकाला देतो, म्हणजे गाडी कधीही होती तशी करता येईल.

माझी ती स्विफ्ट आजही वर्कशॉपच्या कामाची आहे. नवीन पॅड, नवीन शॉकअप, नवीन टायर ग्राहकाला सुचवण्याआधी तिच्यावर बसतात. सध्या तिचा गिअरबॉक्स खाली उतरवलेला आहे, हेलिकल लिमिटेड स्लिप डिफरन्शिअलसाठी (डिफरन्शिअल म्हणजे इंजिनाची ताकद दोन चाकांत वाटणारा भाग). वळणातून बाहेर पडताना आतल्या चाकावरचा भार कमी होतो आणि ताकद त्याच चाकात वाया जाते; हे डिफरन्शिअल ती बाहेरच्या चाकाकडे जास्त पाठवतं. होंडाने १९९७ च्या सिव्हिक टाइप आरमध्ये ते कारखान्यातूनच दिलं होतं. बसवून झाल्यावर टायर, हवा, कॅम्बर, टो यांतलं काहीही हलवणार नाही. त्याच रस्त्यावर तीच रीडिंग घेऊ, आणि टायर व स्टिअरिंगवर होणारा परिणाम नीट कळला की मग हे काम ग्राहकांच्या गाड्यांवर घ्यायला सुरुवात करू.